खिडकीखालची खाट

वराळे,
श्रावण वद्य द्वितीया, शके १८५९

प्रिय अकबरी हिला नंदाबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तुझी, इनायतभाईंची आणि मुलांची खुशाली कळवीत जावी.

क्षेम म्हणजे असं, की परवापासून तुझी नंदाबाई दवाखान्याची नर्स राहिली नाही, घरंदाज बाई झाली आहे. पांढरं लुगडं घडी करून ट्रंकेत टाकलं, वर डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि चुलीपुढे बसले. पहिली भाकरी थापली ती काठाला फाटली. सासूबाई म्हणाल्या, "लोकांची पोरं वढून वढून तुजं हात निबर झालं. भाकरीला मऊ हात लागतो." या घरात माझ्या हातांविषयी कुणी काही बोललं ते हे पहिलंच, म्हणून कळवते.

लोणावळ्याच्या स्टेशनावर तू रडलीस आणि मला वेडी म्हणालीस. डॉक्टरबाई नुसत्या माझ्या राजीनाम्याकडे बघत राहिल्या. गाडीच्या गडबडीत सांगता आलं नाही ते आता सांगते, म्हणजे तुझा राग तरी रीतसर होईल.

थोडंफार तुला ठाऊक आहे. अंबाजीशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी मला मूल झालं नाही. वांझ सून शेतात चालते, ओटी भरायला चालत नाही. त्याच सुमाराला डॉक्टरबाईंना बाळंतपणाचं काम शिकवायला या भागातली बाई हवी होती, आणि सासूबाईंना मी डोळ्यांआड व्हायला हवी होते. दोघींचं एकमेकींना न भेटता जमलं. मी पगार घरी पाठवत गेले. पगार खाताना घराच्या ध्यानात आलं की भाकरी करायला कुणी नाही. मग शालूला आणली. म्हणजे एका बाईत न मावणारं काम अंबाजीनं दोघींत वाटून घेतलं, एक कमवायला, एक रांधायला. लोक त्याला दोन बायकांचा दादला म्हणतात. मला विचारशील तर आम्ही दोघी मिळून त्याची एक बायको पुरी होते.

शालू विशीची आहे. सवतीशी कसं वागायचं ते तिला कुणी शिकवलंच नाही, ती मला आक्का म्हणते. मी सुट्टीला यायचे तेव्हा माझ्यासाठी दुधावरची साय राखून ठेवायची आणि सासूला सांगायची, मांजरानं खाल्ली. माझ्यापायी त्या मांजरानं पुष्कळ मार खाल्ला.

तिला आता दिवस गेले आहेत. दिव्याच्या अवसेला आले होते तेव्हा तिची जोडवी बोटांत रुतलेली दिसली. मी तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. असे पाय आपण दोघींनी पाहिले आहेत. ज्या बायका वेळेवर आल्या त्या पोर घेऊन घरी गेल्या. ज्यांना झटके सुरू झाल्यावर आणलं त्यांच्या खाटा आपण धुतल्या.

मी घरात सांगितलं, हिला विसावा द्या, मीठ बंद करा, बाळंतपण दवाखान्यात करू. अंबाजी म्हणाला, "इसावा? घरातच तर असती. घरात बसून बाई दमती व्हय?" सासूबाई म्हणाल्या, "एक नोकरीला, एक खाटंवर. भात बेणायला कोन उतरंल, मी?" मग दोघांनी मिळून तोड काढली. मी नोकरी सोडून घरी यावं, चूल धरावी, शेतात उतरावं. मग शालूला लोणावळ्याला पाठवू.

मी म्हटलं, देवापुढं बोला. अंबाजीनं भैरोबाच्या देवळात बेलभंडार उचलला. "नंदा घरी आली तर शालीचं दिवस भरलं की तिला मी सोता दवाखान्यात नेऊन सोडीन." साक्षीला भावकी होती. तो माणसाला दहा वेळा फसवील, देवाला फसवणार नाही. म्हणून मी राजीनामा लिहिला. एवढंच. नोकरी दिली आणि एक बाळंतपण घेतलं.

तुझं नशीब बरं. रेल्वेत नोकरी असून बायकोच्या जिवावर जेवतोस का, असं लोक इनायतभाईंना विचारतात, तेव्हा ते म्हणतात, "होय, आणि ती मीठही बेताचं घालते." असा माणूस रेल्वेला कुठे सापडला ते विचारून ठेव.

एक काम कर. वॉर्डातली खिडकीखालची खाट, जिच्यावरून डोंगर दिसतो, ती दसऱ्यापासून शालूसाठी राखून ठेवायला डॉक्टरबाईंना सांग. तिचे दिवस दिवाळीनंतर भरतील, पण मी आधीच आणायचं बघते. तिनं आगगाडी अजून आतून पाहिलेली नाही. मी तिला सांगितलंय, तिथे निजलीस तर कुणी तुला ऊठ म्हणणार नाही. तिचा विश्वास बसत नाही.

लोभ आहेच.

तुझी,
नंदाबाई
(नर्स, तूर्त चुलीपाशी)


वराळे,
भाद्रपद शुद्ध द्वादशी

प्रिय अकबरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या जागेवर तुला नेमलं हे वाचून आनंद झाला. पोटात थोडं दुखलंही, पण ते माझ्याच भाकरीनं असेल.

खाटेच्या पायाला तू लाल दोरा बांधलास हे शालूला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "दोरा कशापायी?" म्हटलं, दुसऱ्या कुणाला देऊ नये म्हणून. तिनं निवडायचे तांदूळ बाजूला सारले आणि म्हणाली, "म्हंजी माज्या नावाचं कायतरी हाय तितं."

घरात बसणं म्हणजे काय, हे मला आता नीट कळलं आहे. उजाडायच्या आत दळण, मग शेण, पाणी, न्याहारी, मग गुडघाभर चिखलात वाकून भातातलं तण उपटायची बेणणी, परत येऊन चूल, आणि पुरुषमाणसं जेवून उठली की त्यांनी म्हणायचं, तुमचं बरं आहे, घरात बसायचं. दवाखान्यात काम संपलं की पदर झटकून बाहेर पडता यायचं. इथे काम संपल्याचं सांगायला कुणी नेमलेलंच नाही.

मी आले ती शालूला विसावा मिळावा म्हणून. घराला वाटलं, दोन हात जास्तीचे आले. दोन सुना आहेत म्हटल्यावर सासूबाईंनी गौरीच्या जेवणाला अख्खी भावकी बोलावली. मी शालूच्या हातातलं काम काढून घेते, तर त्या तिला दुसरं देतात. मीठ मी बंद केलं तर म्हणतात, "अळनी खाऊन पोर अळनी निपजंल."

अकबरी, तिचं डोकं ठणकतं. डोळ्यांपुढे काजवे येतात म्हणते.

म्हणून मी एक गोष्ट केली. दवाखान्यात आपण लघवी काचेच्या नळीत तापवून बघतो. इथे नळी कुठली? घरातली एक जुनी लोखंडी पळी घेतली आणि गोठ्यामागे आगटी पेटवून तिच्यावर धरली. नासलेल्या दुधासारखं गढूळ झालं. मी वर बघते तो सासूबाई उभ्या.

"सवतीचं पानी आगीवर धरती! करनी करती व्हय गं?"

मी समजावलं, की हिच्या अंगातलं सत्त्व लघवीवाटे चाललंय. त्या म्हणाल्या, "चाललंय न्हवं? तूच काढतीयास!" अंबाजीनं पळी नेऊन इंद्रायणीत टाकली. चांगली जड पळी होती. तेव्हापासून शालूचं पाणी भरायलासुद्धा मला बंदी आहे. ती बिचारी गोठ्यात येऊन मला भेटते आणि हळूच विचारते, "आक्का, लय वंगाळ होतं का पळीत?" मी सांगते, थोडंसं. आपण दवाखान्यात सांगतो तसंच.

अंबाजीला म्हटलं, दिवस भरायची वाट बघू नका, आत्ताच नेऊ. तो म्हणाला, "दिवस भरलं की, आसं बोललोय देवापुढं. आदी न्हाई, मागनं न्हाई." ते शब्द मी भैरोबाच्या पायरीवर उभी राहून ऐकले होते आणि खूश झाले होते. अशा पायांना नववा महिना माहीत नसतो, हे त्या पायरीवर जमलेल्यांत मला एकटीला ठाऊक होतं. 'नर्स सांगेल तेव्हा' एवढं वदवून घ्यायचं सुचलं नाही.

डॉक्टरबाईंना एक चिठ्ठी लिहायला सांग, खाली दवाखान्याचा शिक्का मारून. इथे शिक्क्याला भितात.

खाट राख.

तुझी,
नंदा


वराळे,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय अकबरीस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, राग मानू नये. इकडे पाऊस ओसरला, आंबेमोहोर निसवला आहे, शिवारात वास सुटतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मांजराला चार पिल्लं झाली, सगळी नीट आहेत, कुणाची मदत लागली नाही. माझी भाकरी आता गोल होते.

डॉक्टरबाईंची चिठ्ठीही पोळ्याआधीच आली होती. अंबाजीनं शिक्का बघितला आणि उठून उभा राहिला. मग खालची सही वाचली आणि पुन्हा बसला. बाईच आहे की, म्हणाला.

दोन्ही पत्रांत तू एकच विचारलं आहेस. सांगते. आधी बैलांचं सांगू दे.

आमच्याकडे पोळा भाद्रपदाच्या अवसेला असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, कारण वर्षभर त्या खांद्यांवर जू असतं. मळता मळता त्यांना आवतण देतात, उद्या जेवायला या. पोळ्याच्या दिवशी नदीवर आंघोळ, शिंगांना रंग आणि बेगड, अंगावर झूल, पुढ्यात पुरणपोळी. त्या दिवशी बैलाला कामाला लावणं म्हणजे महापाप. फार चांगली रीत आहे. ज्यानं घातली त्याला कष्टाची कदर होती. त्यानं गोठ्यापासून सुरुवात केली आणि घरापर्यंत यायच्या आत तो मेला असावा.

पुरण शालूनं वाटलं. मी पोळ्या लाटत होते. सासूबाई म्हणाल्या, "पाटा रिकामा का?" मी उठायच्या आत ती जाऊन बसली होती. आठवा महिना, तोंड सुजून डोळे बारीक झालेले. वाटता वाटता थांबली आणि म्हणाली, "आक्का, दोन पाटं दिसत्यात."

मी लाटणं टाकून तिच्यापर्यंत पोचले तोवर पहिला झटका आला होता. मूठ आवळलेली, मुठीत पुरण.

मी तिला कुशीवर वळवली, दातांत पदराचा बोळा दिला आणि अंबाजीला हाक मारली. तो दारात पांढऱ्या बैलाच्या शिंगाला बेगड चिकटवत होता.

"गाडी जुंपा. तळेगावला दुपारची गाडी सापडंल."

"आज? पोळ्याला?"

"बाई चाललीय, धनी."

"सनाच्या दिशी बैलाच्या मानंवर जू ठिवून समद्या घराचं वाटुळं करू? येडी का काय तू!"

"मग चौघं बोलवा, डोली करू. खांदा मीबी देते."

"पोरं वाजंत्रीला गेल्यात." मग बेगडाचा कागद खाली ठेवून तो शांतपणे म्हणाला, "आन दिवस कुटं भरल्यात? आटवाच हाय. देवापुढं काय बोललोय मी?"

शपथ मोडली नाही, अकबरी. एवढं डॉक्टरबाईंना जरूर सांग. अंबाजी शब्दाचा पक्का निघाला.

शालूला आतल्या खोलीत नेली. सरुबाई सुईण आली. मी तिच्यामागे निघाले तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. "तू न्हाई. पळीवाली हाईस तू. तुजी सावली नगं तितं." मी त्यांना ढकललं. होय, सासूला ढकललं, तेही लिहून ठेव. मागून अंबाजीनं माझा दंड धरला आणि चुलीकडे नेलं. "पानी तापव," म्हणाला.

मी पाणी तापवलं. डॉक्टरबाईंनी जे जे शिकवलं त्यातलं एवढंच घराला चाललं.

दाराबाहेरून ओरडत राहिले, कुशीवर ठेवा, जीभ सांभाळा, हलवू नका. सरुबाई म्हातारी आहे, पण वाईट नाही. "व्हय बाई, केलं," असं आतून म्हणायची. मग सासूबाईंनी ठरवलं की हे बाहेरचं आहे, आणि मिरच्यांची धुरी केली. दाराखालच्या फटीतून धूर येत होता. दोन झटक्यांच्या मधे ती शुद्धीवर आली असावी, कारण एक हाक ऐकू आली. आक्का. मी म्हटलं, "हाय गं, हितंच हाय." तिला ऐकू गेलं की नाही ते कळायला मार्ग नाही.

तेवढ्यात बैलांची मिरवणूक आळीतून आली. हलगी, ताशा, पोरांचा दंगा. आमच्या दारावरून गेली तेव्हा आतला आवाज ऐकू येईना. मला वाटलं, हलगीमुळे.

हलगी पुढं गेली तरी ऐकू आलं नाही.

पोर जन्मलंच नाही. आईसोबतच गेलं.

अंबाजी रडला. खोटं बोलणार नाही, खूप रडला, भिंतीला डोकं लावून. मग सुतक फिटलं. भेटायला येणाऱ्या बाया म्हणाल्या, पहिलटकरीण होती, कमनशिबी. आणि मला म्हणाल्या, बरं झालं बाई, तू वेळेवर नोकरी सोडून आलीस, न्हाईतर घर उघडं पडलं असतं. मी त्यांना चहा दिला.

परवा सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आवाज इतका मऊ, की मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाशी बोलतात. तिकोण्याच्या पेठेत भिमाजी म्हणून कुणी आहे, त्याची मुलगी अंबाजीसाठी बघायची आहे. पंधरावं सरलेली. म्हणाल्या, "नंदा, आमाला अडाण्यांना काय कळतंय? तू नर्स हाईस. पोरीला नीट तपासून बघ. पाय दाबून बघ, काय ते. धडधाकट हाय का तेवडं सांग. आता पुन्यांदा फसायचं न्हाई."

या घरानं मला आजवर वांझ म्हटलं, कमावती म्हटलं, करणीवाली म्हटलं. नर्स पहिल्यांदा म्हटलं. आणि शालूनं त्यांना फसवलं असा हिशोब मांडला आहे.

उद्या जायचंय. गाडी आहे. बैलही आहेत, दोन्ही ताजेतवाने. या कामाला कुठलाही सण आडवा येत नाही.

मी जाणार आहे. पोरीच्या पायावर अंगठा दाबीन. खड्डा पडणार नाही, कोवळी पोर आहे. मग बाहेर ओट्यावर येईन आणि भिमाजीच्या, त्याच्या बायकोच्या आणि जमलेल्या माणसांच्या तोंडावर सांगेन, की पोरगी निरोगी आहे, आजार आमच्या घराला आहे. पाट्यापासून हलगीपर्यंत सगळं सांगेन. तिच्या बापाला मध्येच उठता येईल, पण आईला घर सोडून कुठे जाता येणार? तिला ऐकावं लागेल. लग्न मोडेल असं मी म्हणत नाही. जमीन आहे, बैल आहेत, दारात पाणी आहे, असं स्थळ एका बाईच्या बोलण्यानं कोण सोडतं? पण निदान मुलगी इथे येईल ती 'नर्स सांगेल तेव्हा दवाखाना' एवढं आधी कबूल करून घ्यायचं, हे ऐकून येईल. शालूला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला ठाऊक असून जमलं नाही.

एवढं बोलल्यावर त्या गाडीत मला कुणी बसू देणार नाही, मीही बसणार नाही. पेठेपासून कामशेतपर्यंतची वाट पायाखालची आहे, तिथून आगगाडी. ट्रंक नेता येणार नाही. पांढरं लुगडं आत नेसून वर साधं नेसणार आहे.

माझी जागा तुझी झाली, ती तुझीच राहू दे. आयाचं काम असेल, फरशा पुसायच्या असतील, डॉक्टरबाईंना विचारून ठेव. इनायतभाईंना म्हणावं, थोडे दिवस तुमच्या ओसरीवर एक तोंडाळ बाई पडून राहील. मीठ बेताचं खाते.

खाट अजून रिकामी ठेवली आहेस असं लिहितेस. आता ठेवू नकोस. पायाचा दोरा सोड, पण टाकू नको, मला हवा आहे. आणि दिवस भरायच्या आधी जी कुणी पहिली येईल, तिला त्या खाटेवर निजव. डोंगर दिसतील असं तोंड करून. मग तिला सांग, इथे तुला कुणी ऊठ म्हणणार नाही. तिचा विश्वास बसणार नाही, म्हणून दोनदा सांग.

उद्यापर्यंत अंबाजीची थोरली,

नंदाबाई